प्रायमरीच्या एक्झिट पोलमधला वंशाचा तक्ता : कुठे धरून चालावं, कुठे नाही

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीचं, मतदान संपलं की वाहिन्यांवर सगळ्यांत आधी वंशाचा तक्ता येतो. साउथ कॅरोलिना, २९ फेब्रुवारी २०२०, डेमोक्रॅटिक पक्ष : कृष्णवर्णीय मतदार ५६ टक्के, त्यांपैकी ६१ टक्के बायडन यांना, गोरे मतदार ४० टक्के, त्यांपैकी ३३ टक्के बायडन यांना. दुसऱ्या दिवशी जगभरच्या बातम्यांत हेच आकडे फिरतात, आपल्याकडच्या विश्लेषणांतही. हा तक्ता काही सरकार काढत नाही. एक खासगी कंपनी तो तयार करते, वाहिन्या त्याचे पैसे मोजतात आणि वाचकाला तो फुकट मिळतो. म्हणजे हे एक उत्पादन आहे. ते बनतं कसं, कोणत्या कामाचं आहे, कुठे दगा देतं आणि त्याला पर्याय कोणते, हे इथे पाहिलं आहे. समोर २००८ ते २०२४ या काळातल्या प्रायमरी आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. राज्यात ज्या गटाचा वाटा मोठा आहे त्याने कोणाला पसंती दिली, हे सांगण्यात एक्झिट पोल चांगला आहे. त्या गटातले किती लोक मतदानाला आले, हे सांगण्यात तो मध्यम आहे. लहान गटांसाठी तो जवळपास कुचकामी आहे, आणि त्या लहान गटांत भारतीय वंशाचे मतदारही येतात.

तक्ता बनतो कसा

या काळात हे काम एडिसन रिसर्च ही न्यू जर्सीतली कंपनी करत असे. ग्राहक म्हणजे वाहिन्यांचा नॅशनल इलेक्शन पूल हा गट. आधीची व्होटर न्यूज सर्व्हिस २००२ च्या निवडणुकीत कोलमडल्यावर २००३ मध्ये तो उभा राहिला. सुरुवातीला त्यात एबीसी, सीबीएस, सीएनएन, एनबीसी, फॉक्स आणि असोसिएटेड प्रेस असे सहा जण होते. २०१६ च्या निवडणुकीनंतर फॉक्स आणि असोसिएटेड प्रेस बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी वाट धरली. तिच्याविषयी पुढे.

राज्यातली काही मतदान केंद्रं नमुना म्हणून निवडली जातात. भाग, आधीच्या निवडणुकांतलं मतदान आणि केंद्राचा आकार हे त्यासाठी पाहतात. प्रत्येक केंद्राबाहेर एक मुलाखतकार उभा राहतो. तो दिसेल त्याला थांबवत नाही. अपेक्षित मतदानावरून अंतर ठरवून दिलेलं असतं, म्हणजे बाहेर येणारा दर तिसरा किंवा दर पाचवा मतदार. त्या मतदाराने प्रश्नावली स्वतः भरायची, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. नाव विचारत नाहीत.

वंशाच्या तक्त्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ज्याने नकार दिला, किंवा जो गर्दीत निसटला, त्याचं अंदाजे वय, लिंग आणि वंश मुलाखतकार नुसत्या नजरेने टिपून ठेवतो. कोणत्या गटाने जास्त नकार दिले ते यावरून काढतात आणि त्या गटाच्या आलेल्या उत्तरांचं वजन वाढवतात. साउथ कॅरोलिनात, जिथे मतदार बहुतेक एक तर कृष्णवर्णीय किंवा गोरे, तिथे ही नजर फारशी चुकत नाही. नेवाडात किंवा न्यू जर्सीत मात्र सावळा डोमिनिकन, फिलिपिनो, पंजाबी आणि गोव्याचा ख्रिस्ती माणूस ओळीने बाहेर आले तर कोणाची खूण कोणत्या रकान्यात पडेल सांगता येत नाही. तक्त्याच्या खाली ही अडचण कुठेही छापलेली नसते.

प्रश्नावलीत वंशाला एकच खूण करायची असते : गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाचे), आशियाई, इतर. अमेरिकेची जनगणना मात्र लॅटिनो असणं आणि वंश हे दोन वेगळे प्रश्न विचारत आली; दोन्ही एकत्र करण्याचा केंद्रीय नियम मार्च २०२४ मध्ये झाला. त्यामुळे जनगणनेतले ‘गोरे’ आणि एक्झिट पोलमधले ‘गोरे’ शेजारी ठेवले तर लॅटिनो कुठे धरले आहेत ते आधी पाहावं लागतं. जनगणनेचा ‘गोरे, हिस्पॅनिक नसलेले’ हा रकाना घ्यायचा. साधा ‘गोरे’ घेतला तर टेक्सस किंवा कॅलिफोर्नियात तुलना साफ बिघडते.

शेवटची पायरी वजनांची. मुलाखतींचे आकडे दिवसभरात टप्प्याटप्प्याने केंद्रीय कार्यालयाकडे जातात, आणि खरी मतमोजणी येऊ लागली की सगळा तक्ता तिच्याशी जुळवून घेतला जातो. म्हणून मतदान संपताक्षणी दिसलेला वंशाचा तक्ता आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा तक्ता यांत दोन-चार टक्क्यांचा फरक असतो. संध्याकाळचा स्क्रीनशॉट वापरू नका. उद्धृत करायचा तर किमान दुसऱ्या दिवशीचा घ्या आणि कधी पाहिला ती तारीख शेजारी टाका.

बेरीज जुळली म्हणजे तक्ता खरा, असं नाही

तक्ता हातात आला की पहिली तपासणी अशी करावी : गटाचा वाटा गुणिले त्या गटातली उमेदवाराची टक्केवारी, आणि सगळ्या गटांची बेरीज. साउथ कॅरोलिना, २६ जानेवारी २००८. कृष्णवर्णीय ५५ टक्के, त्यांपैकी ओबामा यांना ७८. म्हणजे एकूण मतांतले ४२.९. गोरे ४३ टक्के, त्यांपैकी ओबामांना २४, म्हणजे १०.३. बेरीज ५३.२. उरलेल्या दोन टक्क्यांतून एखादा टक्का आणि बाकी पूर्णांकात आकडे छापल्यामुळे आलेली तूट. प्रत्यक्ष निकाल ५५.४. जुळलं.

२०२० चं गणित असंच : ५६ गुणिले ६१ म्हणजे ३४.२, अधिक ४० गुणिले ३३ म्हणजे १३.२, बेरीज ४७.४, निकाल ४८.७. हेही जुळलं. पण तक्ता निकालाशी मुद्दाम जुळवलेला असल्यामुळे बेरीज जुळणारच. आता तेच गणित वेगळ्या आकड्यांनी करून पाहा. समजा कृष्णवर्णीयांचा वाटा ५२ टक्के होता आणि बायडन यांना त्यांच्यात ६४ टक्के मिळाले. गोरे ४४ टक्के, त्यांच्यात तेच ३३. पहिल्या गटातून ३३.३, दुसऱ्यातून १४.५, बेरीज ४७.८. निकालाला हेही तितकंच मानवतं. म्हणजे निकालावरून वजन दिलं तरी वाटा आणि पसंती या दोन आकड्यांमध्ये थोडी चूक एकमेकांत दडून बसू शकते. बेरीज जुळली नाही तर तक्ता नक्की बिघडलेला किंवा चुकीचा उतरवलेला आहे, एवढंच ही तपासणी सांगते. तेवढ्यासाठी ती करावीच. बातम्यांत रकाने अदलाबदल झालेले तक्ते यातूनच पकडले जातात.

दुसरी तपासणी त्रुटीच्या मर्यादेची, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो याची. राज्याच्या प्रायमरीत दीड हजार लोकांनी उत्तरं दिली असं धरा. त्यांत ५६ टक्के म्हणजे ८४० कृष्णवर्णीय. साध्या यादृच्छिक नमुन्याच्या सूत्राने मर्यादा अधिक-उणे ३.४ टक्के येते. पण हे लोक राज्यभरातून एकेक करून निवडलेले नाहीत, मोजक्या केंद्रांवरून गठ्ठ्याने आलेले आहेत. त्यातही अमेरिकेत वस्त्या वंशानुसार वेगळ्या असल्यामुळे एका केंद्रावरचे मतदार एकसारखे असतात. हा गठ्ठ्याचा परिणाम दुप्पट धरला तर ८४० लोकांची किंमत ४२० इतकी उरते आणि मर्यादा ४.८ वर जाते. बायडन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्यात ६१ विरुद्ध १७ असा फरक असेल तर ४.८ ने काही बिघडत नाही. त्याच तक्त्यात तीन टक्के आशियाई असते तर ते ४५ जण झाले असते. शंभराच्या आसपास लोक नसलेल्या गटाचे आकडे वाहिन्या छापत नाहीत, रकाना रिकामा ठेवतात. हे धोरण योग्य आहे, आणि या उत्पादनातली सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट तीच आहे.

टक्का वाढला, माणसं घटली

साउथ कॅरोलिनाच्या तीन डेमोक्रॅटिक प्रायमरी ओळीने ठेवल्या की वाट्याचा आकडा वाचताना कुठे फसायला होतं ते दिसतं. कृष्णवर्णीयांचा वाटा २००८ मध्ये ५५ टक्के, २०१६ मध्ये ६१, २०२० मध्ये ५६. एवढंच पाहिलं तर २०१६ हे कृष्णवर्णीयांच्या उत्साहाचं वर्ष वाटतं. आता एकूण मतदान घ्या : २००८ मध्ये सुमारे ५ लाख ३२ हजार, २०१६ मध्ये ३ लाख ७१ हजार, २०२० मध्ये ५ लाख ३९ हजार. गुणाकार केला की कृष्णवर्णीय मतदार येतात अनुक्रमे सुमारे २ लाख ९३ हजार, २ लाख २६ हजार आणि ३ लाख २ हजार. ज्या वर्षी टक्का सर्वाधिक होता त्याच वर्षी प्रत्यक्ष माणसं सगळ्यांत कमी आली. त्या वर्षी गोरे मतदार त्याहून जास्त गळाले, म्हणून टक्का चढला.

कारणं राज्याच्या नियमांत आहेत. साउथ कॅरोलिनात मतदार यादीत पक्ष लिहिलेला नसतो. कोणीही कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मतदान करू शकतो. २०१६ मध्ये रिपब्लिकनांची चुरशीची प्रायमरी एक आठवडा आधी, २० फेब्रुवारीला झाली, आणि तिथे मत दिलेल्याला २७ तारखेला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत देता येत नव्हतं. २०२० मध्ये रिपब्लिकन पक्षाने त्या राज्यातली प्रायमरीच रद्द केली होती, त्यामुळे एरवी तिकडे जाणारे काही मतदार इकडे आले. वंशाचा वाटा वाचण्याआधी त्या राज्यात त्या वर्षी समोरच्या पक्षाची लढत होती का, आणि अपक्ष, म्हणजे कोणत्याच पक्षात नोंद नसलेल्या, मतदारांना मुभा होती का, हे पाहणं भाग आहे. एक्झिट पोलचा तक्ता हे सांगत नाही.

नेवाडा २०१६ : दगा कुठे बसतो

२० फेब्रुवारी २०१६ ची नेवाडाची डेमोक्रॅटिक कॉकस. कॉकसमध्ये लोक एका ठिकाणी जमून गट करून पसंती दाखवतात, त्यामुळे चाचणी आत शिरताना घेतात. तिच्यात लॅटिनोंमध्ये सँडर्स यांना ५३ आणि हिलरी क्लिंटन यांना ४५ टक्के दिसले. क्लिंटन यांची सरशी एकूण ५२.६ विरुद्ध ४७.३ अशी झाली. ‘लॅटिनो सँडर्सकडे वळले’ हा त्या संध्याकाळचा मथळा ठरला. क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेने तो लगेच नाकारला, आणि क्लार्क काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग), म्हणजे लास व्हेगास परिसरातल्या, लॅटिनोबहुल भागांचे निकालही क्लिंटन पुढे असल्याचं दाखवत होते.

यात कोणी लबाडी केली नव्हती. नमुन्यात लॅटिनो दोनशेच्या आसपास होते. दोनशे जणांवर प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीची मर्यादा अधिक-उणे सात, आणि दोघांमधल्या फरकाची जवळपास चौदा. आठ टक्क्यांची आघाडी त्या चौदाच्या आतच आहे. वर गठ्ठ्याचा परिणाम : नमुन्यातली लॅटिनोंची थोडीशी केंद्रं विद्यापीठाजवळची निघाली की तरुण लॅटिनो जास्त येतात, आणि २०१६ मध्ये सँडर्स यांचा जोर तरुणांत होता. चाचणी करणाऱ्यांनी मर्यादा सांगितली होती; मथळे लिहिणाऱ्यांनी ती गाळली. २००४ च्या नोव्हेंबरच्या निवडणुकीतही असंच झालं होतं : राष्ट्रीय नमुन्यात बुश यांना लॅटिनोंची ४४ टक्के मतं दिसली, आणि राज्यांचे नमुने एकत्र केल्यावर तो आकडा ४० च्या घरात आला.

एक सोपा नियम : गटाचा वाटा गुणिले एकूण मुलाखती हा आकडा तीनशेच्या खाली असेल तर ‘पुढे कोण’ हे विधानच करू नये. मुलाखतींची एकूण संख्या तक्त्याच्या वर बारीक अक्षरात असते. ती नसेल तर तो तक्ता सोडून द्यावा.

आशियाई रकान्याचं तर आणखी कठीण आहे. ५ फेब्रुवारी २००८ च्या कॅलिफोर्निया प्रायमरीत तो भरण्याइतके लोक मिळाले : आशियाई ८ टक्के, क्लिंटन ७१, ओबामा २५. त्या एका रकान्यात चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, कोरियन आणि भारतीय सगळे एकत्र आहेत. फ्रीमाँट किंवा सनीव्हेलच्या मराठी माणसाने कोणाला मत दिलं याविषयी त्यातून काहीही निघत नाही. भारतीय अमेरिकनांच्या कलाबद्दल प्रायमरीच्या एक्झिट पोलचा हवाला देणारा लेख दिसला तर तो बाजूला ठेवावा.

जिथे तक्ताच नसतो

या सेवेची सर्वांत मोठी उणीव म्हणजे ती मध्येच बंद पडते. चाचणीला खर्च येतो, आणि लढत निकाली निघाली असं वाटलं की वाहिन्या हात आखडता घेतात. ७ जून २०१६ ला कॅलिफोर्नियाची प्रायमरी झाली, लोकसंख्येने देशातलं सर्वांत मोठं राज्य, लॅटिनो मतदारांची सर्वांत मोठी संख्या, आणि तिथे एक्झिट पोल झालाच नाही. म्हणजे २०१६ च्या ‘लॅटिनो कोणाबरोबर होते’ या वादाचा सर्वांत मोठा पुरावा कधी गोळाच झाला नाही. २०२० मध्ये करोनामुळे मार्चच्या मध्यापासून केंद्राबाहेर माणूस उभा करणंच बंद झालं.

काही वेळा रकानाच नसतो. २७ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत गाझाच्या युद्धाचा निषेध म्हणून एक लाखाहून अधिक लोकांनी ‘अनकमिटेड’ला, म्हणजे कोणत्याच उमेदवाराला न बांधलेल्या पर्यायाला, मत दिलं; १३ टक्क्यांच्या थोडं वर. यात अरब अमेरिकनांचा वाटा किती होता? एक्झिट पोलच्या प्रश्नावलीत त्यांच्यासाठी जागाच नाही, ते गोऱ्यांत किंवा इतरांत जातात. उत्तर शहराच्या अधिकृत निकालात सापडलं : अरबबहुल डिअरबॉर्नमध्ये अनकमिटेड सुमारे ५६ टक्के, बायडन सुमारे ४०. अशा ठिकाणी केंद्रनिहाय निकालाची सरकारी फाइल एक्झिट पोलपेक्षा सरस ठरते, आणि ती फुकट असते.

मतं एकीकडे, डेलिगेट दुसरीकडे

वंशाचा तक्ता राज्यभराचा असतो. उमेदवारी मात्र डेलिगेटांवर, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींवर, ठरते, आणि डेमोक्रॅटिक पक्षात त्यांतले बरेचसे छोट्या मतदारसंघांनुसार वाटले जातात. टेक्सस, ४ मार्च २००८ : लॅटिनो ३२ टक्के, त्यांत क्लिंटन ६६ विरुद्ध ३२, कृष्णवर्णीय १९ टक्के, त्यांत ओबामा ८४ विरुद्ध १६, गोरे ४६ टक्के, त्यांत क्लिंटन ५५ विरुद्ध ४४. प्रायमरीची मतं क्लिंटन यांना जास्त, ५०.९ विरुद्ध ४७.४. तरीही राज्याचे डेलिगेट शेवटी ओबामांना ९९ आणि क्लिंटन यांना ९४.

यामागे दोन गोष्टी होत्या. प्रायमरीवर १२६ डेलिगेट होते आणि ते राज्य सिनेटच्या ३१ मतदारसंघांत विभागले होते, कुठे दोन तर कुठे आठ. ही विभागणी २००४ आणि २००६ मध्ये तिथे डेमोक्रॅटिक उमेदवारांना किती मतं पडली यावर बेतलेली होती. ह्यूस्टन आणि डलासच्या कृष्णवर्णीय भागांत तेव्हा भरघोस मतदान झालं होतं, म्हणून त्यांच्या वाट्याला डेलिगेट जास्त आले. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या लॅटिनो भागांत मतदान कमी झालं होतं, म्हणून तिथे कमी. ऑस्टिनच्या मतदारसंघाला आठ होते. म्हणजे एका लॅटिनो मताची डेलिगेटांतली किंमत एका कृष्णवर्णीय मतापेक्षा कमी पडली. क्लिंटन यांची ही आघाडी ६५ विरुद्ध ६१ वर आटली. त्याच रात्रीच्या कॉकसमधून वाटले गेलेले ६७ डेलिगेट ओबामांकडे ३८ विरुद्ध २९ असे झुकले आणि पारडं फिरलं.

पक्षाचा १५ टक्क्यांचा उंबरठाही तक्त्यात दिसत नाही; त्याच्या खाली राहिलेल्याला डेलिगेट मिळत नाहीत. २०२० मध्ये साउथ कॅरोलिनात टॉम स्टायर या उमेदवाराने कृष्णवर्णीयांत १३ टक्के मिळवले, सँडर्स यांच्या १७ च्या जवळ. राज्यभरात त्यांना ११.३ टक्के मिळाले, आणि डेलिगेट शून्य. राज्याचे ५४ डेलिगेट बायडन ३९, सँडर्स १५ असे वाटले गेले. तक्ता वाचून ‘स्टायर यांनी बऱ्यापैकी केलं’ असं वाटतं. उमेदवारीच्या हिशेबात त्यांच्या पदरी काहीच पडलं नाही.

पर्याय

पहिला पर्याय एपी व्होटकास्ट. असोसिएटेड प्रेसने शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क या संस्थेबरोबर २०१८ ते २०२४ या काळात तो चालवला. मतदार यादीतून नावं काढून त्यांना टपालाने आणि फोनने गाठायचं, त्यात इंटरनेटवरच्या पॅनेलची भर घालायची, आणि हे काम मतदानाच्या आधीचे काही दिवस ते केंद्रं बंद होईपर्यंत चालू ठेवायचं. टपालाने आणि आगाऊ मत देणारे यात सहज येतात. केंद्राबाहेर उभं राहण्याच्या पद्धतीला त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागते. गठ्ठ्याचा त्रास नाही, कारण माणसं केंद्रांवरून येत नाहीत. कमजोरी अशी की ‘मी मत देणार’ म्हणणाऱ्याचं म्हणणं काही प्रमाणात मानून चालावं लागतं, आणि इंटरनेट पॅनेलचा भाग यादृच्छिक नसतो. दोन्ही चाचण्या एकाच राज्यात झाल्या असतील तर दोन्हींचे वंशाचे रकाने शेजारी ठेवावेत. मोठ्या गटावर दोघांत पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर कुठलाच आकडा ठामपणे वापरू नये.

किती आले याचं उत्तर हवं असेल तर चाचण्या सोडून सरकारी याद्यांकडे वळावं. अलाबामा, फ्लोरिडा, जॉर्जिया, लुइझियाना, नॉर्थ कॅरोलिना आणि साउथ कॅरोलिना या दक्षिणेतल्या राज्यांत मतदार नोंदणीच्या अर्जावर वंश विचारला जातो. नोव्हेंबरच्या मतदानाबद्दल जनगणना खातं सर्वेक्षण करतं, प्रायमरीबद्दल करत नाही. म्हणून प्रायमरीसाठी या राज्यांच्या याद्या हाच भक्कम आधार. साउथ कॅरोलिनाचा निवडणूक आयोग काउंटीनिहाय मतदानाची वंशवार संख्या छापतो, पण विभागणी ढोबळ आहे. नॉर्थ कॅरोलिनाची सेवा या सगळ्यांत उजवी, आणि पूर्णपणे फुकट.

तिथल्या निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर दोन झिप फाइल घ्यायच्या : एक मतदार नोंदणीची, एक मतदानाच्या इतिहासाची. संपूर्ण राज्याची घेतली तर सत्तर लाखांहून जास्त ओळी येतात. एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळींपुढचं सगळं कापलं जातं, त्यामुळे आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, नाहीतर एखादा डेटाबेस लागतो. सवय होईपर्यंत एकाच काउंटीची फाइल घ्यावी, शंभर काउंट्या आहेत. रकाने टॅबने वेगळे केलेले असतात. स्वल्पविराम समजून उघडली तर पत्त्यांतल्या स्वल्पविरामांवर ओळी मोडतात. दोन्ही फाइल जोडायच्या त्या एनसीआयडी या राज्यव्यापी क्रमांकावर. काउंटीच्या नोंदणी क्रमांकावर जोडल्या तर दोन काउंट्यांतली वेगळी माणसं एक होतात, कारण तो क्रमांक काउंटीगणिक पुन्हा येतो. इतिहासाच्या फाइलमध्ये निवडणुकीची तारीख गाळून घ्या, उदाहरणार्थ ३ मार्च २०२०, आणि कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेतली तो रकाना वापरा. नोंदणीतला पक्ष इथे चालत नाही, कारण अपक्ष मतदार कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत जाऊ शकतो.

इथे हमखास चुकणाऱ्या गोष्टी दोन. पहिली, चालू नोंदणी फाइल आजची असते. मधल्या वर्षांत लोक दुसरीकडे गेले, वारले, यादीतून निघाले. जुन्या प्रायमरीसाठी त्या तारखेच्या जवळची साठवलेली प्रत घ्यावी, मंडळ तीही देतं. दुसरी, वंश लिहिणं ऐच्छिक आहे आणि ‘नमूद नाही’ हा गट वाढत चालला आहे. तो गट वगळून टक्केवारी काढली की गोरे आणि कृष्णवर्णीय दोघांचेही आकडे फुगतात. तो वेगळा दाखवावा. लॅटिनो हा स्वतंत्र रकाना आहे, वंशाच्या रकान्यात नाही, म्हणून ‘लॅटिनो अशी खूण असेल तर वंश काहीही असो, लॅटिनोच धरायचं’ हा नियम मोजायला बसण्याआधी ठरवून टाकावा. नाहीतर एकाच माणसाची दोनदा मोजणी होते.

यादी कोण आलं ते सांगते, मत कोणाला दिलं ते सांगत नाही. तिथे केंद्रनिहाय निकाल आणि केंद्रनिहाय वंशाचा वाटा जोडून अंदाज काढतात. सोपी पद्धत म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त एकाच वंशाची केंद्रं निवडून त्यांचे निकाल पाहायचे. हे लगेच करता येतं, पण सगळ्या कृष्णवर्णीयांबद्दल बोलण्याऐवजी एकजिनसी वस्तीत राहणाऱ्यांबद्दलच आपण बोलतो. मोठी पद्धत राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या सांख्यिकी अनुमानाची. मतदारसंघांच्या आखणीवरच्या खटल्यांत न्यायालयंही तिच्यावर आधारलेले अहवाल पाहतात. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रायमरीत एक्झिट पोल नसल्यातच जमा असतो, त्यामुळे तिथे हाच मार्ग उरतो. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार ऑगस्ट २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातली डेमोक्रॅटिक प्रायमरी सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. कृष्णवर्णीय मतं अनेक उमेदवारांत विभागली गेली, आणि सुमारे सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. त्या लढतीचं वंशाचं गणित मांडायचं तर केंद्रांचे निकालच घेऊन बसावं लागतं.

ज्या राज्यांत अर्जावर वंश नसतो, जसं न्यू जर्सी किंवा मिशिगन, तिथे आडनाव आणि पत्ता यांवरून वंशाची शक्यता काढतात. जनगणना खात्याची २०१० ची आडनावांची यादी यासाठी वापरतात. किमान शंभर वेळा आलेली १,६२,२५३ आडनावं तिच्यात आहेत. जोशी किंवा पटेल लिहिलं की आशियाईची शक्यता लगेच वर जाते. गोव्याच्या ख्रिस्ती मतदाराचं तसं होत नाही : फर्नांडिस, परेरा, रॉड्रिग्ज ही आडनावं यादीत पोर्तुगीज, ब्राझिलियन आणि लॅटिनो लोकांबरोबर येतात, आणि माणूस गोऱ्यांत किंवा लॅटिनोंत जाऊन बसतो. फिलिपिनोंचंही तेच. विल्यम्स, जॉन्सन अशा आडनावांत कृष्णवर्णीय आणि गोरे दोन्ही असल्यामुळे तिथे सगळा भार पत्त्यावर पडतो, आणि मिश्र उपनगरात पत्ताही फारसा बोलत नाही. दुर्मीळ मराठी आडनावं तर यादीतच नसतात; त्यांच्यासाठी फक्त वस्तीचा वाटा वापरला जातो, म्हणजे गोऱ्या उपनगरातला एखादा भारतीय गणितात गोराच ठरतो. ही पद्धत वापरणाऱ्याने आपलं मॉडेल आधी नॉर्थ कॅरोलिनाच्या यादीवर चालवून पाहावं. तिथे लोकांनी स्वतः लिहिलेला वंश हाताशी आहे, त्यामुळे कोणत्या गटात किती माणसं चुकीच्या रकान्यात पडतात ते थेट मोजता येतं, आणि चुकणाऱ्या आडनावांची वेगळी यादी करून ती मॉडेलला जोडता येते.